पाच किलोचं कुत्रं, कच्चं मांस आणि ग्रॅमचा हिशोब

छोट्या कुत्र्याला पाकिटातल्या कोरड्या दाण्यांवरून कच्च्या मांसावर आणणं तसं अवघड नाही, पण हे काम ग्रॅमचं आहे. लॅब्रॅडॉरच्या भांड्यात पन्नास-साठ ग्रॅम कलेजी जास्त पडली तर फार तर एक दिवस पातळ शी होते. पाच किलोच्या पामेरियनच्या भांड्यात तेवढीच पडली, तर अख्ख्या आठवड्याची कलेजी एका वेळी पोटात गेली. स्पिट्झ, शिह त्झू, पग, डॅशहुंड, सगळ्यांचं हेच. 'अंदाजे टाकलं' इथे चालत नाही. आधी काटा आणा, मग मांस.

दुसरा मुद्दा आपल्या मुलखाचा. या विषयावरचे तयार तक्ते बहुतेक थंड देशांतले असतात. त्यात बीफ गृहीत धरलेलं असतं, घरात मोठा डीप फ्रीजर गृहीत असतो आणि मे महिना म्हणजे वसंत ऋतू. आपल्याकडे २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे, फ्रीजर म्हणजे सिंगल डोअर फ्रीजचा बर्फाचा कप्पा, आणि मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा ४२-४४ वर. शिवाय लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ते तक्ते जसेच्या तसे इथे उतरवले तर कुत्रं आजारी पडणारच.

करायचं की नाही, हे आधी ठरवा

दाणे म्हणजे विष नव्हे. चांगल्या कंपनीच्या दाण्यांत कुत्र्याला लागणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. घरच्या आहारात ती मोजायची जबाबदारी तुमच्यावर येते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती श्वान-आहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्क्यांत निदान एक तरी अत्यावश्यक घटक कमी निघाला. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ पासून कच्च्या मांसाच्या विरोधात भूमिका घेतलेली आहे, तीही मुख्यतः जंतूंमुळे. तुमचे डॉक्टर नाक मुरडतील ते उगाच नाही.

मग लोक करतात कशासाठी? कुत्रं आवडीने खातं, शी कमी आणि कमी वासाची होते, मांसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असल्याने पाणी न पिणाऱ्या कुत्र्याच्याही पोटात पाणी जातं. एवढे फायदे बहुतेकांना दिसतात. ॲलर्जी पळते, आयुष्य वाढतं, असे दावे मात्र सोडून द्या.

काही कुत्र्यांना हा आहार देऊच नये. एक वर्षाच्या आतलं पिल्लू: वाढीच्या वयात कॅल्शियमचा हिशोब चुकला तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, माणसाच्या मुडदुसासारखं. किडनी किंवा लिव्हरचा त्रास असलेलं, पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेलं, स्टेरॉइड चालू असलेलं, गाभण असलेलं. तसंच घरात पाच वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई, थकलेले आजी-आजोबा किंवा केमोथेरपी घेणारं कुणी असेल तर कच्चं नको. साल्मोनेला हा जंतू पोटात घेऊन कुत्रं स्वतः ठणठणीत राहू शकतं आणि शीतून, जिभेतून तो घरात पसरवू शकतं. अशा घरात हेच सगळं साहित्य शिजवून द्या. खाली दिलेलं वजनाचं गणित शिजवलेल्यालाही लागू आहे, फक्त वजन कच्चं असताना करा आणि शिजवल्यावर सुटलेलं पाणीही त्यातच घाला.

सुरुवातीआधी डॉक्टरांकडे एक फेरी मारा: वजन, दात, जंताचं औषध, आणि कुत्रं सात वर्षांपुढचं असेल तर किडनी-लिव्हरची रक्ततपासणी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते, कुत्र्याच्या आहारावर बोलायला डॉक्टरांना वेळ मिळेलच असं नाही. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळपास राहत असाल तर तिथल्या दवाखान्यात दाखवणं सगळ्यांत बरं.

हाडाचं काय?

मी छोट्या कुत्र्याला हाड देण्याच्या विरोधात आहे, आणि कच्च्या आहाराचे कट्टर समर्थक यावरून भांडतात हे माहीत असूनही आहे. त्यांचं म्हणणं, शिजवलेलं हाड फुटून सुऱ्यासारखं टोकदार होतं, कच्चं मऊ असतं. पहिला भाग शंभर टक्के खरा: रस्स्यातलं हाड कधीच देऊ नका, पाहुणे गेल्यावर ताटातलं तर मुळीच नाही. पण कच्च्या हाडाचा धोका छोट्या कुत्र्याला वेगळा आहे. चिकनची मान पाच किलोच्या कुत्र्याच्या घशात बसेल एवढ्याच आकाराची असते, आणि दाण्यांवर वाढलेलं कुत्रं चावत नाही, गिळतं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला तर चावायला नीट दातच जुळत नाहीत.

मानेबद्दल आणखी एक कारण आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये पाय लुळे पडलेली २७ कुत्री आणि ४७ निरोगी कुत्री यांची तुलना केली. मज्जातंतूंच्या मुळांना सूज येऊन आधी मागचे पाय जातात, मग पुढचे, भुंकण्याचा आवाजही बदलतो, असा तो आजार. कच्चं चिकन आणि त्यातला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू यांच्याशी त्याचा संबंध त्यांना दिसला. संशोधकांचा बोट दाखवण्याचा रोख मानेवरच होता, कारण छोट्या कुत्र्यांना माना जास्त घातल्या जातात. बहुतेक कुत्री बरी होतात, पण त्याला महिने लागतात.

हाडासकट खिमा करून देणारं यंत्र आपल्याकडच्या चिकन सेंटरवर सहसा नसतं, आणि घरच्या मिक्सरला हाड झेपत नाही, पातं तुटतं. मग कॅल्शियम कुठून आणायचं? अंड्याच्या कवचातून. कवचं धुवा, आतला पापुद्रा राहिला तरी चालेल, दहा मिनिटं उकळा, उन्हात किंवा तव्यावर खडखडीत वाळवा आणि मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखी पूड होईपर्यंत फिरवा. बोटांत चोळून बघा: कण लागला तर परत फिरवा आणि चाळा. ही पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, वजनाच्या साधारण ३८ टक्के कॅल्शियम. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, म्हणून ही पूड हौशीची वस्तू नाही. ती न घालता नुसतं चिकन महिनोन्महिने दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं.

दुकानात

रोज सकाळी ताजं कापलेलं बॉयलर मिळतं, ही आपली जमेची बाजू. पण ताजं म्हणजे निर्जंतुक नव्हे. पिसं काढायचा ड्रम एकच, ओंडका एकच, आणि कोंबडीच्या आतड्यातले जंतू त्यावरूनच फिरत असतात. म्हणून दुकान उघडल्या उघडल्या जा. पहिल्या दोन-चार गिऱ्हाइकांत नंबर लागला तर ओंडका आणि कोयता धुतलेला असतो. दुपारी एकनंतर उघड्यावर टांगलेलं मांस कच्चं द्यायचं नाही, शिजवायला घ्या हवं तर.

मागताना नेमकं मागा: "भाई, लेग का मास निकाल के देव, हड्डी नको. पोटा-कलेजी अलग बांधो." कलेजी वेगळी बांधून घेणं महत्त्वाचं, नाहीतर घरी आल्यावर तिचं वजन करता येत नाही. पोटा आणि दिल ही मांसातच धरायची, अवयवात नाही. कलेजी आणि गुरदा हे अवयव.

बोकडाच्या आणि मेंढीच्या अवयवांबद्दल मात्र एक नियम पाळाच: कलेजी, फुप्फुस, गुरदा, तिल्ली, काहीही असो, कच्चं द्यायचं नाही. मेंढरा-शेरडांच्या कलेजीत आणि फुप्फुसात हायडॅटिडच्या गाठी असू शकतात. पांढरट पिशवी, आत स्वच्छ पाणी, वाटाण्यापासून लिंबाएवढी. ती गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात, कृमींची अंडी शीतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या लिव्हरमध्ये तशाच गाठी होतात, ऑपरेशनपर्यंत जातं. बारीक गाठ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून 'खाटकाने बघून दिलंय' यावर विसंबू नका. अर्धा तास उकडलं की प्रश्न मिटला. वजडी कच्ची द्यायचा सल्लाही तुम्हाला मिळेल, तीही उकडूनच. डुकराचं मांस कच्चं कधीच नाही.

मासा द्यायचा तर शिजवून. जायकवाडीचा रोहू, कटला असो की बर्फातून आलेला बांगडा, तारली. गोड्या पाण्यातल्या कार्प जातीच्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एक विकर असतं, ते शिजवल्यावर मोडतं. काटे काढायचा कंटाळा असेल तर तारली कुकरला लावा, काटे बोटाने चिरडतील इतके मऊ होतात.

आणि बर्ड फ्लूची बातमी आली की कच्चं चिकन त्याच दिवशी बंद. हे आपल्याकडे दूरचं नाही: जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या याच आजाराने गेले. मांजरवर्गाला हा विषाणू जास्त भोवतो, तेव्हा घरात मांजरही असेल तर दुप्पट सावध. नीट शिजवलेल्या चिकनमध्ये तो टिकत नाही.

किती द्यायचं

'वजनाच्या दोन-तीन टक्के' हा सगळीकडे सापडणारा आकडा छोट्या कुत्र्याला कमी पडतो. कारण साधं आहे: शरीर जेवढं लहान तेवढी किलोमागे ऊर्जा जास्त जळते. स्वस्थ पडून राहायलाच ३० किलोच्या कुत्र्याला किलोमागे साधारण ३० कॅलरी लागतात, ५ किलोच्या कुत्र्याला ४७. त्यात आपलं बॉयलर कातडी काढून विकतात, म्हणजे चरबी गेली. कातडी काढलेल्या चिकनवर दोन-अडीच टक्क्यांनी ठेवलेलं पामेरियन महिन्याभरात बरगड्या दाखवायला लागतं आणि मालक म्हणतो, कच्चं मानवलं नाही.

घरात राहणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या ५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला २८० ते ३३० कॅलरी लागतात. खालच्या बाजूने सुरुवात करू. दिवसाला सगळं मिळून २०० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या ४ टक्के. आठवड्याचा १ किलो ४०० ग्रॅमचा हिशोब असा बसतो:

- बिनहाडाचं चिकन, लेग जास्त आणि छाती कमी, थोडी कातडी धरून: ८०० ग्रॅम
- पोटा आणि दिल: २०० ग्रॅम
- चिकनची कलेजी: ६० ग्रॅम
- बोकडाचा गुरदा किंवा तिल्ली, उकडून: ६० ग्रॅम
- उकडलेली अंडी: २
- शिजवलेली तारली किंवा बांगडा, बिनकाट्याचा: ५० ग्रॅम
- दुधी, लाल भोपळा किंवा गाजर, उकडून कुस्करून: १३० ग्रॅम
- अंड्याच्या कवचाची पूड: ७ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १ ग्रॅम

एवढं करूनही झिंक, आयोडीन, मँगनीज, ई आणि ड जीवनसत्त्व यांची कमी राहतेच. त्यासाठी डॉक्टरांकडून कुत्र्याचं व्हिटॅमिन-मिनरल पूरक लिहून घ्या आणि त्यात कॅल्शियम आहे का ते डब्यावर वाचा. असेल तर तेवढी कवचाची पूड कमी करायची. माणसाच्या गोळ्या अर्ध्या करून घालू नका. कलेजीही आठवड्याला ६० ग्रॅमच्या वर नाही, कुत्र्याला कितीही आवडली तरी, कारण अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं.

तीन किलोचं चिवावा असेल तर ४ टक्क्यांऐवजी साडेचारने सुरू करा, आठ किलोच्या लठ्ठ पगला तीनने. पुढे काटा सांगेल तसं. वजनासाठी माणसाचा काटा कामाचा नाही, तो शंभर-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. ओळखीच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपली ठेवा, काटा शून्य करा, कुत्रं टोपलीत. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी. २०० ग्रॅम घटले तर 'दोनशेच तर आहेत' म्हणून सोडू नका, साठ किलोच्या माणसाने आठवड्यात जवळजवळ अडीच किलो गमावल्यासारखं आहे ते.

फ्रीज, लाइट आणि ऊन

सिंगल डोअर फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत सहसा जात नाही. तिथे दोन दिवसांपेक्षा जास्त कच्चं मांस ठेवू नका. डबल डोअर असेल तर आठवड्याचं एकदम करता येतं. गोठवल्याने जंतू मरतात हा समज मात्र काढून टाका: ते झोपतात, आणि मांस सुटलं की जागे होतात.

घरी आणलं की धुवायचं नाही. हळद-मीठ लावून चोळून धुणं आपल्या हाताला सवयीचं आहे, पण त्या पाण्याचे तुषार ओट्यावर, ताटांवर, कोथिंबिरीवर उडतात. कागदाने टिपून घ्या. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, काट्यावर वाटी ठेवून एका वेळचं एक, अशा चपट्या पिशव्या बांधा. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. रात्री उद्याच्या पिशव्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळपर्यंत सुटतात. ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही, उन्हाळ्यात तर अर्ध्या तासात वास धरतो. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही.

लाइट गेली की दार उघडू नका. चार-पाच तासांच्या भारनियमनानंतर पिशवी हाताला दगडासारखी लागली तर ठीक. दाबली जात असेल पण गारेगार असेल तर त्याच दिवशी शिजवून द्या. कोमट लागली तर फेका.

यावरूनच सांगतो, मार्च ते जून या काळात बदल सुरूच करू नका. उकाड्याने कुत्र्याची भूक आधीच मंदावलेली असते, मांस टिकत नाही, आणि जुलाब झालेच तर पाच किलोच्या जिवाला पाणी कमी पडायला एक दुपार पुरते. दिवाळीनंतर सुरू करा. फेब्रुवारीपर्यंत तुमचा हातही बसतो आणि त्याचं पोटही.

माळकरी घरात

मराठवाड्यात निम्म्या घरांत हा प्रश्न येतोच: सासूबाई माळकरी, स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. भांडण करून कच्चं मांस फ्रीजमध्ये घुसवण्यात अर्थ नाही. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात कुत्र्याचा वेगळा कोपरा करा: स्वतःचा पाट, सुरी, भांडं, घासणी, टिपायचं फडकं. जुना छोटा फ्रीज मिळाला तर तो तिथेच. नाही जमलं तर रोज ताजं आणून लगेच घालणं हाच मार्ग, आणि मग ज्या दिवशी दुकान बंद त्या दिवशी दाणे. आषाढ संपताना गटारीच्या आठवड्यात भाव चढतात, श्रावणात उतरतात. आपल्या कुत्र्याला श्रावण नाही, त्यामुळे तेव्हा चांगलं मांस निवांत मिळतं.

वेगळा कोपरा जंतूंच्या दृष्टीनेही बरा. भांडं वीस मिनिटांत उचलायचं, उरलेलं टाकायचं, गरम पाणी आणि साबणाने घासायचं, हात धुवायचे. जेवल्या जेवल्या कुत्र्याला पोरांची तोंडं चाटू द्यायची नाहीत.

बदलाचे दोन आठवडे

काही जण सांगतात, एक दिवस उपाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थेट कच्चं. छोट्या कुत्र्याला हे करू नका. टॉय जातींची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते, अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात. दाणे आणि मांस एकत्र दिलं की पचत नाही, याला तर ठोस आधारच नाही. सावकाश मिसळत न्या.

८० ग्रॅम दाणे खाणाऱ्या ५ किलोच्या कुत्र्याचा हिशोब: पहिले तीन दिवस ७० ग्रॅम दाणे आणि २५ ग्रॅम चिकन. हे चिकन उकडलेलं, बिनमिठाचं, कातडी काढलेलं. चार ते सहा: ५५ आणि ६०. आता तुकडे उकळत्या पाण्यात टाकून मिनिटभरात काढा, वरून पांढरे, आतून गुलाबी. वरचे जंतू बरेच मरतात, आणि दाण्यांवरच्या कुत्र्याला कोमट वासाचं मांस गार कच्च्यापेक्षा लवकर पटतं. सात ते नऊ: ४० आणि १००, कच्चं, फ्रीजमधून काढून दहा मिनिटांत. दहा ते बारा: २० आणि १५०. तेराव्या दिवसापासून रोजचे दाणे बंद.

दोन आठवडे एकच प्राणी, चिकन. कवचाची पूड चौथ्या दिवसापासून थोडी थोडी. कलेजी, गुरदा, अंडं, मासा, कातडी यातलं काहीही पहिल्या आठवड्यात नाही. दुसऱ्यात कलेजी दिवसाला फक्त ३-४ ग्रॅम, करंगळीच्या नखाएवढा तुकडा. बाकी सगळं तिसऱ्या आठवड्यापासून एकेक करून, दोन नव्या वस्तूंत तीन-चार दिवस सोडून. म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं. कातडी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू, एकदम चरबी पडली तर स्वादुपिंडाला सूज येते.

दिवसाचं खाणं तीन भागांत द्या, शेवटचं झोपण्याआधी. पहाटे पिवळा फेस ओकणारी छोटी कुत्री बहुतेक वेळा रात्रभराच्या रिकाम्या पोटामुळे ओकतात, मांसामुळे नाही.

एखादी पायरी मानवली नाही तर आधीच्या पायरीवर चार दिवस थांबा. दोन आठवड्यांचे चार झाले म्हणून काही बिघडत नाही. आणि हट्टी कुत्र्याशी उपासाची पैज लावू नका, बारा तास काही खाल्लं नाही तर दाणे द्या.

शी बघायची सवय

किळस बाजूला ठेवा, रोजचा रिपोर्ट तोच आहे. बदल बसला की शी लहान होते, घट्ट, गडद तपकिरी, उचलल्यावर जमिनीला डाग राहत नाही. दिवसाआड झाली तरी घाबरायचं कारण नाही, मांसात टाकाऊ भाग कमी असतो. पांढरट, खडूसारखी, कुंथून होणारी शी म्हणजे कॅल्शियम जास्त. पूड मोजून घालताय की चमच्याने, ते बघा. काळपट आणि चिकट म्हणजे बहुधा कलेजी जास्त झाली, निम्मी करा. मऊ पण आकार असलेली, वर थोडा शेंबडासारखा थर: बदलाच्या दिवसांत एक-दोनदा चालतं, एक खाणं कमी करा, भोपळा वाढवा. शीवर तांदळाएवढे पांढरे तुकडे वळवळताना दिसले तर ते पट्टकृमी, लगेच डॉक्टर. कच्च्यावर असलेल्या कुत्र्याला पट्टकृमींवर चालणारं प्राझिक्वांटेलचं औषध किती आठवड्यांनी द्यायचं ते ठरवून घ्या, घरात साठवलेल्या जुन्या गोळीवर भागवू नका.

थांबायची वेळ कोणती? दिवसात तीनपेक्षा जास्त पातळ शी, शीत रक्त, दोनपेक्षा जास्त उलट्या, पाठ वाकवून पोट आवळून बसणं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरणं, मागच्या पायांत लटपट, ताप, हिरड्या बोटाला चिकट लागणं. यातलं एक दिसलं तरी कच्चं बंद आणि त्याच दिवशी दवाखाना, डॉक्टरांना 'कच्चं मांस चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. माणसाची जुलाबाची किंवा दुखण्याची गोळी देऊ नका. क्रोसिन, ब्रुफेन कुत्र्याच्या जिवावर येतात.

बदल बसल्यानंतर

तीन महिन्यांनी एकदा वजन, हिरड्या, अंगावरची तुकतुकी आणि रक्ततपासणी. मांस जास्त खाणाऱ्या कुत्र्याचं युरिया थोडं वर येऊ शकतं, म्हणून ते क्रिएटिनिन या किडनीच्या दुसऱ्या आकड्याबरोबर वाचायला सांगा.

उन्हाळ्यात परत शिजवलेल्यावर या, यात माघार वगैरे काही नाही. आणि आठवड्यातून एक वेळ दाणे चालूच ठेवा. लग्नसराईत चार दिवस गावाकडे जायचं झालं, कुत्रं शेजारी ठेवायचं झालं, तर कच्च्या मांसाची पिशवी त्यांच्या फ्रीजमध्ये कोण ठेवून घेणार? पोटाला दाण्यांची ओळख राहिलेली असली की तेवढे दिवस निघतात. जाताना दाणे मोजून पिशव्या भरून द्या आणि तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहा: द्राक्षं, मनुका, चिंच, चॉकलेट नको, रस्स्यातलं हाड नको, आणि येसराच्या आमटीत कुस्करलेली भाकरी कितीही मायेने द्यावीशी वाटली तरी नको, त्यात कांदा-लसूण असतो. खाली डॉक्टरांचा नंबर.